महाराष्ट्रातल्या बायका ज्याच्यासारखे केस बांधायच्या, तो नागठाण्याचा नारायण होता

सांगली-साताऱ्यातल्या कुठल्याही सलूनमध्ये जा. आरशासमोर हेअर वॅक्स, जेल आणि पोमेडच्या डब्या मांडलेल्या दिसतात. पोरगं खुर्चीत बसतं, मोबाईल काढतं, एखाद्या हिरोचा फोटो दाखवतं आणि सांगतं, अस्साच कट पाहिजे.

तुम्हाला वाटेल ही पद्धत इन्स्टाग्रामनं आणली. पण पडद्यावरच्या किंवा रंगमंचावरच्या माणसाकडं बघून आपले केस बसवायचं वेड महाराष्ट्रात शंभर वर्षांपूर्वीही होतं. फरक इतकाच, की तेव्हा ही फॅशन घराघरातल्या बायका करत होत्या आणि त्या ज्याच्याकडं बघून करत होत्या, तो चक्क पुरुष होता.

त्याचं नाव नारायण श्रीपाद राजहंस. सगळा महाराष्ट्र त्याला ओळखतो बालगंधर्व म्हणून.

आधी पोमेड म्हणजे काय ते बघू

पोमेड म्हणजे केस बसवायचा सुगंधी मलम. तेल, मेण किंवा चरबी आणि त्यात वास. हा शब्द युरोपातल्या भाषांत सफरचंदाच्या नावावरून आला, कारण जुन्या काळी असल्या मलमात सफरचंद घालायचे. डुकराची, अस्वलाची चरबी वापरून तिकडं केस चापूनचोपून बसवले जायचे. १८७२ मध्ये अमेरिकेत व्हॅसलिनचं पेटंट निघालं आणि चरबीऐवजी खनिज तेलापासून केलेले मलम वाढले. १९२८ मध्ये इंग्लंडच्या बर्मिंगहॅममध्ये ब्रिलक्रीम तयार झालं. पुढं तेच भारतातल्या पोरांच्या खिशातल्या कंगव्याचं जोडीदार बनलं.

आपल्याकडं डोक्याला चरबी लावणं कुणाला पटलं नसतं. इथला मार्ग तेलाचा आणि फुलांचा. तीळ आणि मोगरा-चमेलीची फुलं एकावर एक थर देऊन ठेवायची, तिळात वास मुरला की तीळ गाळायचे. हे झालं फुलेल. त्याशिवाय माका, ब्राह्मी, जास्वंद घालून उकळलेलं घरचं तेल होतंच. केस धुवायला शिकेकाई, वास यायला नागरमोथा आणि वाळा. केस कमी असतील तर गंगावन, म्हणजे वेणीत गुंफायचे वरचे केस. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तर मुंबईचं कामिनिया तेल जाहिराती करून विकलं जाऊ लागलं.

म्हणजे सामान होतं, हौसही होती. प्रश्न होता की बाईनं कुणाकडं बघून नटायचं?

केस म्हणजे नुसते केस नव्हते

त्या काळी बाईचे केस कसे असावेत हे ती ठरवत नव्हती. नवरा आहे तोवर तेल, फणी, अंबाडा, गजरा. नवरा गेला की ब्राह्मण आणि इतर काही जातींच्या घरात डोक्यावरून वस्तरा फिरायचा. केशवपन म्हणायचे त्याला. बारा-चौदा वर्षांच्या पोरीही त्यातून सुटल्या नाहीत.

याविरुद्ध पोटतिडकीनं लिहिणाऱ्यांत पुढं होते गोपाळ गणेश आगरकर. कराडजवळच्या टेंभू गावचे, म्हणजे सातारा जिल्ह्यातलेच. १८९० मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकारानं मुंबईच्या नाभिकांनी विधवांच्या डोक्याला वस्तरा लावणार नाही, असं ठरवलं. आगरकर १८९५ मध्ये गेले. प्रथा मात्र त्यानंतरही कित्येक वर्षं चालू राहिली.

दुसरी अडचण अशी, की सजलेली बाई म्हटलं की लोकांच्या डोळ्यासमोर तमाशातली किंवा बैठकीतली कलावंतीण यायची. घरंदाज बाईनं तिच्यासारखा केसांचा थाट केला, तर घरात आणि आळीत बोलणी खावी लागत. घरच्या बायकांना रंगमंचावर जायला मनाई होती. त्यामुळं नाटकातली सीता, शकुंतला, सुभद्रा सगळ्या पुरुषच रंगवायचे. अशा नटांना स्त्रीपार्टी म्हणायचे.

या सगळ्या गुंत्यात एक पोरगा रंगमंचावर आला.

नागठाणे ते मिरज

नारायणचा जन्म २६ जून १८८८ चा. मूळ गाव कृष्णाकाठचं नागठाणे. नागठाणे म्हटलं की अनेकांना पुणे-बंगळूर हायवेवरचं साताऱ्याजवळचं गाव आठवतं. ते वेगळं. बालगंधर्वांचं नागठाणे आज सांगली जिल्ह्यातल्या पलूस तालुक्यात येतं. तेव्हा सांगली नावाचा जिल्हाच नव्हता. १९४९ मध्ये दक्षिण सातारा जिल्हा झाला आणि १९६० मध्ये त्याचं नाव सांगली पडलं.

पोराचा गळा लहानपणापासून गोड. वय जेमतेम दहा असताना पुण्यात लोकमान्य टिळकांनी त्याचं गाणं ऐकलं आणि कौतुकानं त्याला बालगंधर्व म्हटलं, असं सांगितलं जातं. नाव कायमचं चिकटलं.

तिकडं किर्लोस्कर नाटक मंडळी अडचणीत होती. त्यांचे स्त्रीभूमिका गाजवणारे भाऊराव कोल्हटकर १९०१ मध्ये वारले होते. त्यांच्या जागी उभा राहील असा गळा आणि असं रूप मिळत नव्हतं. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी नारायणला आधार दिला. त्याच्या कानाचं दुखणं होतं, त्यासाठी त्याला मिरजेला पाठवलं. आणि १९०५ मध्ये त्याच मिरजेत किर्लोस्कर मंडळीच्या शाकुंतलमध्ये सतरा वर्षांचा नारायण शकुंतला म्हणून उभा राहिला.

सांगलीचा हा टापू नाटकाच्या बाबतीत आधीच तयार होता. १८४३ मध्ये विष्णुदास भाव्यांनी सांगलीतच सीतास्वयंवर केलं होतं. नारायणला तालीम देणारे गोविंद बल्लाळ देवल सांगलीजवळच्या हरिपूरचे. पुढं त्याच्यासाठी मानापमान, विद्याहरण, स्वयंवर, द्रौपदी लिहिणारे कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर खुद्द सांगलीचे. गाण्याची तालीम मिळाली ती भास्करबुवा बखल्यांची.

रंगपटात काय चालायचं?

त्या काळी बहुतेक पुरुष डोकं भादरून मागं शेंडी ठेवायचे. स्त्रीपार्टी नटापुढं मग दोनच वाटा असायच्या. एक तर केस वाढवायचे आणि गावभर चेष्टा सहन करायची, नाहीतर टोप घालायचा. टोप घातला तरी काम संपत नाही. तो कपाळापाशी उघडा पडता कामा नये. भांग सरळ हवा. तेलानं चमक आली पाहिजे, पण दिव्याच्या उजेडात तेलकट दिसता कामा नये. अंबाड्याला आकडे असे लावायचे की गाताना मान हलली तरी तो ढळणार नाही. शिवाय नाटक पाच-सहा तास चालायचं. एकेका पदाला वन्स मोअर मिळत रात्र उलटून जायची.

बालगंधर्वांनी या कामात कसूर ठेवली नाही. भरजरी शालू, पैठण्या, दागिने, ताजी फुलं, उंची अत्तरं यांवर ते हात आखडत नसत. पण नुसता खर्च करून बाई उभी राहत नाही. त्यांची भामिनी, रुक्मिणी, सुभद्रा लोकांना पटली, कारण ती भडक नव्हती. नेटका भांग, मागं बसवलेला अंबाडा, त्यावर गजरा, दोन्ही खांद्यांवरून घेतलेला पदर. प्रेक्षकाला वाटायचं, चांगल्या घरातली बाई नटली तर अशीच दिसेल.

आणि इथंच गाडी वळली.

बायका बघायला लागल्या

नाट्यगृहात बायकांची बसायची जागा वेगळी असायची. तिथून त्या बालगंधर्वांना बघायच्या. त्यांनी नेसलेलं लुगडं कसं नेसलंय, पदर कुठून घेतलाय, गजरा अंबाड्याच्या वर आहे की भोवती. घरी गेल्यावर आरशासमोर तेच करून बघायच्या. लग्नात, हळदीकुंकवात बालगंधर्वांच्या धर्तीची साडी आणि तसेच केस दिसू लागले.

आज ऐकायला गंमत वाटते. बाईनं बाईसारखं नटायचं आणि त्यासाठी बघायचं पुरुषाकडं?

पण जरा विचार करा. समोर खरी बाई नटून गात असती, तर घरच्या वडीलधाऱ्यांनी सुनांना नाटकाला जाऊच दिलं नसतं. तिच्यासारखे केस बांधणं तर लांबच. इथं समोर होता राजहंसांच्या घरचा मुलगा. तो करत होता रुक्मिणी आणि सुभद्रा. त्याच्यासारखा गजरा माळला तर कुणी बोट दाखवू शकत नव्हतं. बाई नटली, की लोक तिच्या चारित्र्यावर बोलायचे. पुरुष बाई होऊन नटला, की तीच सजावट सोज्वळ ठरायची. बायकांनी या फटीतून आपली हौस भागवून घेतली.

बालगंधर्वांनी स्त्रियांच्या हक्काची चळवळ वगैरे केली नाही. पण घरंदाज बाईनं स्वतःच्या केसांकडं, कपड्यांकडं हौसेनं बघण्यात वावगं काही नाही, हे त्यांच्या भूमिकांमुळं हजारो घरांत मान्य झालं.

व्यापाऱ्यांनीही हे हेरलं. साबण, पावडर, औषधं अशा वस्तू खपवायला बालगंधर्वांचं नाव आणि फोटो वापरले जाऊ लागले. पुरुषांसाठी गंधर्व टोपी आली. ज्याला आज आपण ब्रँड म्हणतो, तो प्रकार रेडिओसुद्धा घरात नसलेल्या काळात झाला.

गजऱ्यामागची माणसं

१२ मार्च १९११. मुंबईत मानापमानचा पहिला प्रयोग. मंडळींनी या नाटकात जीव ओतला होता. त्याच दिवशी बालगंधर्वांची तान्ही मुलगी वारली. प्रयोग रद्द होणार असं सगळ्यांनी धरलं होतं. बालगंधर्वांनी तो रद्द करू दिला नाही. ते रंगपटात बसले, भामिनी झाले आणि गायले. प्रेक्षकांनी त्या रात्री रूप आणि गाणं डोक्यावर घेतलं.

१९१३ मध्ये गोविंदराव टेंबे आणि गणपतराव बोडस यांच्यासोबत त्यांनी गंधर्व नाटक मंडळी काढली. १९१६ मध्ये स्वयंवर आलं. रुक्मिणीनं महाराष्ट्राला वेड लावलं.

मग १९१९ मध्ये आलं राम गणेश गडकऱ्यांचं एकच प्याला. यातली सिंधू म्हणजे दारुड्याची बायको. दळण दळून पोट भरणारी. ज्या नटाच्या शालूची आणि गजऱ्याची चर्चा गावभर व्हायची, तो इथं साधं, विटलेलं लुगडं नेसून जात्यावर बसला. शालू नाहीत, दागिने नाहीत. लोक फक्त सजावट बघायला येतात असं कुणाला वाटत असेल, तर त्याला इथं उत्तर मिळालं. सिंधूला बघून बायका ओक्साबोक्शी रडल्या. तिच्यात त्यांना कुणी ना कुणी ओळखीचं दिसत होतं.

८ जुलै १९२१ ला मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी संयुक्त मानापमान झालं. एका बाजूला ललितकलादर्शचे केशवराव भोसले धैर्यधर, दुसऱ्या बाजूला बालगंधर्व भामिनी. दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांचे राजे एका मंचावर. त्यानंतर तीन महिन्यांत केशवराव वारले, त्यामुळं हा प्रयोग दंतकथाच बनला.

नाव विकलं जात होतं, कर्ज वाढत होतं

बालगंधर्वांना हिशेब कधी जमला नाही. नाटक देखणं झालं पाहिजे एवढंच त्यांना कळायचं. कंपनीतली पंगत मोठी, पडदे उंची, कपडे खरे रेशमी. द्रौपदीसारख्या नाटकावर पाण्यासारखा पैसा ओतला. १९२१ च्या सुमारास कंपनी गळ्यापर्यंत कर्जात बुडाल्याचं समोर आलं. बालगंधर्वांनी हात वर केले नाहीत. सगळं कर्ज अंगावर घेतलं आणि पुढची सात वर्षं गाऊन ते फेडलं.

त्यांच्या नावाचे साबण आणि टोप्या गावोगाव खपत होत्या, त्याच काळात ते स्वतः सावकारांसाठी रात्री जागवत होते. सिनेमाच्या जमान्यात हे असं राहिलं नाही. १९४० च्या दशकाच्या अखेरीस ब्रिलक्रीमनं इंग्लंडच्या डेनिस कॉम्प्टन या क्रिकेटरला आपला चेहरा बनवलं, तेव्हा त्याचा रीतसर करार होता. आज एका रीलमध्ये वॅक्सची डबी दाखवायचेही पैसे ठरतात.

टोप उतरला

१९३० नंतर काळ झपाट्यानं बदलला. नागठाण्याच्याच परिसरात, आज पलूस तालुक्यात येणाऱ्या किर्लोस्करवाडीतून १९३० मध्ये शंकरराव किर्लोस्करांनी स्त्री मासिक सुरू केलं. बाईचं जगणं, कपडे, शिक्षण, लग्न यांवर त्यात बायका स्वतः लिहू लागल्या. १९३२ मध्ये मराठी बोलपट आला आणि पडद्यावर खऱ्या बाया दिसल्या. १९३३ मध्ये नाट्यमन्वंतरच्या आंधळ्यांची शाळा या नाटकात स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनीच केल्या.

आता बाईला केस बांधायला पुरुषाकडं बघायची गरज उरली नाही. ज्या बदलाला बालगंधर्वांनी नकळत हातभार लावला होता, त्याच बदलानं त्यांची जागा घेतली.

१९३५ मध्ये व्ही. शांतारामांनी प्रभातच्या धर्मात्मा चित्रपटात त्यांना संत एकनाथांची भूमिका दिली. स्त्रीवेषात ज्याला बघायला लोक रात्र रात्र जागायचे, त्याला पुरुषवेषात बघणं त्या लोकांना जमलं नाही. मग १९३७ मध्ये साध्वी मीराबाई चित्रपटात ते पुन्हा स्त्रीवेषात दिसले. पण कॅमेरा जवळ जातो. रंगमंचावरच्या अंतरावरून जे रूप मोहून टाकायचं, त्यावर पन्नाशीच्या खुणा पडद्यावर लपल्या नाहीत.

पुढं गोहरबाई कर्नाटकी त्यांच्या नाटकांत स्त्रीभूमिका करू लागल्या. म्हणजे खुद्द बालगंधर्वांच्या नाटकात गजरा आता बाईच्या केसांत गेला. १९५१ मध्ये दोघांनी लग्न केलं. अनेकांना ते रुचलं नाही. उतारवयात बालगंधर्वांच्या पायांनी साथ सोडली, पैशाची ओढाताण कायमची झाली, तरी भजनाच्या बैठकींतून गळा चालूच राहिला.

मान मिळत गेले. १९५५ मध्ये संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार, १९६४ मध्ये पद्मभूषण. सांगलीनं विष्णुदास भाव्यांच्या नावानं गौरवपदक सुरू केलं, त्याचे पहिले मानकरीही बालगंधर्वच. १९६४ मध्येच गोहरबाई गेल्या. १५ जुलै १९६७ ला पुण्यात बालगंधर्वांनी डोळे मिटले.

तोवर सांगली-साताऱ्याच्या सलूनमधले आरसे हिंदी हिरोंच्या फोटोंनी भरले होते. पोरं डोक्याला ब्रिलक्रीम थापून देव आनंदसारखा कोंबडा काढत होती. बायका नट्यांकडं बघून अंबाडा घालत होत्या. कुणाकडं बघून नटायचं हा प्रश्न आता कुणालाच पडत नव्हता.

मिरजेत आज त्यांच्या नावाचं नाट्यगृह आहे. पुण्यात बालगंधर्व रंगमंदिर आहे, ज्याची कोनशिला १९६२ मध्ये त्यांच्याच हातून बसली आणि जे ते गेल्यावर, १९६८ मध्ये उघडलं. तिथं चित्रकार गोपाळराव देऊसकरांनी काढलेली त्यांची दोन मोठी चित्रं आहेत. एक पुरुषवेषातलं, एक स्त्रीवेषातलं. पुढच्या वेळी नाटकाला गेलात तर तिसरी घंटा व्हायच्या आधी दोन मिनिटं काढून दोन्ही बघा. एका चित्रात नागठाण्याचा नारायण आहे. दुसऱ्यात ती बाई आहे, जिच्यासारखं दिसायला आपल्या पणज्यांना कुणी अडवू शकलं नाही.